रविवारचे आकडे

१९ जानेवारी

चि. मुंगी,

तुझा बाप काल येऊन गेला आणि जाताना दारात उभा राहून म्हणाला, "ती नोकरी सोडते म्हणतेय. तूच विचार तिला." म्हणून हे पत्र. एरवी मी लिहिलं नसतं. चार महिन्यांत तू मला एक ओळ पाठवलेली नाहीस आणि आपणहून चौकशा करण्याची मला सवय नाही.

फोन करू नकोस. कानातलं नवीन यंत्र लावलं की शिट्टी ऐकू येते, माणूस येत नाही. कागदावर लिही. कागदावर माणसाला फार रडता येत नाही, हाही एक फायदा.

कारण विचारलं तर तुझा बाप म्हणाला, "साहेबांशी पटत नाही." हे कारण नव्हे. साहेबांशी पटावं म्हणून कोणी नोकरी करत नाही. त्या लस भांडारात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली अठरा प्रमुख म्हणून. तुझा आत्ताचा साहेब माझ्या हाताखाली शिकला. तो आळशी नाही, लबाड नाही, जरा घाबरट आहे. घाबरट माणसाशी भांडण व्हायलासुद्धा बरेच कष्ट पडतात. तेव्हा खरं काय झालं ते लिही.

अर्ज करायला तुला मी लावलं होतं. म्हणून विचारायचा हक्क आहे. जेवतेस की नाही तेही लिही. ताट तसंच उचलून ठेवतेस म्हणे.

तुझी आत्या


२४ जानेवारी

आत्या,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: जेवते. कमी जेवते.

तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, म्हणजे माझं मलाही नीट दिसेल. थंड खोलीतल्या मोठ्या फ्रीजचा पारा दिवसातून दोनदा बघायचा आणि वहीत लिहायचा. दोनच्या खाली नको, आठच्या वर नको. सुट्टी असो, काही असो. पहिल्या दिवशी साहेबांनी हाच धडा दिला. वर म्हणाले, "तुझ्या आत्याने हे आमच्याकडून घोटून घेतलंय. लस थोडी गरम झाली तर निदान थोडी तरी उरते. गोठली की संपली. मग पाणी टोचा नाहीतर ती टोचा."

पहिल्या सोमवारी वही उघडली तर रविवारचा रकाना कोरा. मी विचारलं, काल कोण आलं होतं? साहेब म्हणाले, "कोण येणार? लिहून टाक. सकाळी चार, संध्याकाळी पाच." इतकं सहज, जसं कोणी म्हणावं दिवा घालव. मी लिहून टाकलं. पुढच्या सोमवारीही. खोकी भरणाऱ्या मावशी हसून म्हणाल्या, "आपला रविवार कधी आजारी पडत नाही बघ."

मग सहा जानेवारीचा सोमवार आला. फ्रीज उघडला तर मागच्या रांगेतल्या खोक्यांवर बर्फाची पांढरी साय. पारा शून्याच्या खाली दोन. शनिवारी कोणीतरी बटण भलतीकडे फिरवून ठेवलं होतं, कोणी ते कोणीच सांगेना. मी साहेबांना हाक मारली. त्यांनी बटण जागेवर आणलं, फडक्याने खोकी पुसली आणि म्हणाले, "दहा वाजता परत बघ, तीनवर येईल. तो सोमवारचा आकडा."

"आणि रविवारचा?"

"रोजचाच."

मी चार आणि पाच लिहिलं, आत्या. माझ्या अक्षरात. मंगळवारी त्यातली तिहेरी लशीची अकरा खोकी अकरा दवाखान्यांसाठी गाडीत चढली. तान्ह्या मुलांना डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात होऊ नये म्हणून देतात तीच. तीन खोकी मागे राहिली. बाटली उजेडात धरून बघते तर काही कळत नाही. असते तशीच पांढुरकी.

तेव्हापासून वही उघडायची म्हटलं की हात जड होतो. तू तिथे असतीस तर हे झालंच नसतं. सगळे तुझं नाव घेतात आणि असं वागतात. सांग, मी सोडू की बोलू?

मुंगी


२९ जानेवारी

चि. मुंगी,

सोडू नकोस. तू सोडलीस तर फ्रीज तिथेच राहील, वही तिथेच राहील आणि तुझ्या जागी येणारी पोर निमूटपणे चार-पाच लिहील. बोल. पण बोलणं म्हणजे आरडाओरडा नव्हे आणि मन हलकं करणंही नव्हे. खोकी परत यावीत यासाठी बोलायचं आहे. बाकी सगळं दुय्यम.

आधी खात्री कर. मागे राहिलेल्या तीन खोक्यांतून एकेक बाटली घे. त्याच खेपेची आणखी एक बाटली मुद्दाम बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवून दगड होऊ दे. सकाळी ती वितळली की चारही बाटल्या एकदम हलव आणि टेबलावर शेजारी शेजारी उभ्या कर. गोठलेलीचा गाळ भराभर खाली बसतो, चांगलीचा बसत नाही. संशयाची बाटली गोठलेलीसारखी वागली तर ती गेली. अर्धा तास लागतो. घड्याळ लावून बैस आणि मावशींना शेजारी बसव, म्हणजे बघणारे दोघे होतील.

मग साहेबाकडे एकटी जा. सोमवारी नको, त्या दिवशी त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. "तुम्ही चुकलात" म्हणून सुरुवात करू नकोस. आपण स्वतः काय केलं ते आधी सांग, म्हणजे त्याला बचाव करत बसावं लागणार नाही. बाटल्या समोर ठेव. नुसती तक्रार नेऊ नकोस, तोडगाही ने: रविवारच्या पाळ्या लाव, पहिली पाळी तू घे. आणि अकरा खोकी परत मागवायला सांग. तो ऐकणार नसेल तर वर लिहावं लागेल, पण लिहिलेला कागद आधी त्याला दाखव. पाठीमागून लिहिलं की ती चहाडी होते. समोर ठेवून लिहिलं की ते काम होतं.

जुन्या वह्यांच्या कपाटाकडे जाऊ नकोस. झालं गेलं उकरत बसलीस की माणसं खोकी विसरतात आणि भांडत राहतात.

पोटभर जेव. उपाशी माणसाचा आवाज चढतो.

आत्या


९ फेब्रुवारी

आत्या,

तू सांगितलंस तसं केलं. तीन बाटल्यांपैकी दोहोंचा गाळ दहा मिनिटांत खाली बसला, गोठवलेलीच्या बरोबरीने. मावशी म्हणाल्या, "या तर जुळ्या बहिणी."

गुरुवारी साहेबांकडे गेले. खुर्ची दिली, चहा मागवला. मी आधी माझं सांगितलं, मग बाटल्या ठेवल्या, मग पाळ्यांचा कागद. त्यांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं, झालं, किती सोपं होतं, उगीच महिनाभर झुरले. मग ते म्हणाले, "ही तीन खोकी बाजूला काढू. मुदत संपली असं दाखवू. गेलेली गेली."

मी म्हटलं, ती टोचली जातायत.

"अकरा दवाखान्यांना कळवायचं म्हणजे कारण कळवायचं. कारण कळवायचं म्हणजे रविवार दाखवायचा. एक रविवार दाखवलास की सगळे दाखवावे लागतात. आहे हिंमत?"

मी म्हटलं, आहे.

तेव्हा ते जरा हसले आणि म्हणाले, "पोरी, ही पद्धत मी नाही काढली. बाईंनी घालून दिलीय. चार आणि पाच हे बाईंचे आकडे."

आत्या, मी कधी कोणावर आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. म्हटलं, स्वतःच्या चुकीवर माझ्या आत्याचं पांघरूण घालू नका. ती इथे नाही म्हणून काहीही बोलाल का? ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "मग तिलाच विचार."

म्हणून विचारते. खरं तर विचारत नाही, मागते. मला वर लिहायचंय आणि लिहिलं की ते तुझं नाव पुढे करणार. तू मला दोन ओळी लिहून दे की तुझ्या वेळी रविवारी पारा बघितला जात होता आणि ही पद्धत तुझी नाही. वरच्या ऑफिसात अजून तुझा शब्द चालतो. त्या दोन ओळी जोडल्या की त्यांचं तोंड बंद होईल आणि खोकी परत येतील.

लवकर पाठव. लांबच्या दवाखान्यांत महिन्यातून एकदाच टोचतात. अजून वेळ आहे.

मुंगी


१५ फेब्रुवारी

चि. मुंगी,

पत्र मिळालं. दोन ओळी देता येणार नाहीत. मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. सुटलेल्या ऑफिसच्या कारभारात बाहेरच्या माणसाने कागद घालणं बरं नव्हे, आणि नात्यातल्या माणसाने तर नव्हेच. लोक म्हणतील आत्या-पुतणीने संगनमत केलं.

बाटल्यांची चाचणी हा भक्कम पुरावा आहे. त्याच्यावर लिही. माझं नाव आणू नकोस. साहेबाने आणलं तर आणू दे, तू उत्तर देऊ नकोस.

इकडे थंडी ओसरली. गुडघा बरा आहे.

आत्या


२१ एप्रिल

आत्या,

दोन महिने लिहिलं नाही कारण तुम्हाला काय लिहावं ते सुचत नव्हतं. आता लिहिते ते काही मागायला नाही. तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून.

वीस फेब्रुवारीला मी साहेबांना दाखवून वर पत्र पाठवलं. चाचणीचे निकाल जोडले. आठ दिवसांनी ते पत्र अभिप्रायासाठी साहेबांकडेच परत आलं. त्यांनी लिहिलेला अभिप्राय मला पाठ आहे: "कर्मचारी नवीन असून अनुभव पाच महिने. चाचणी करण्याचे प्रशिक्षण नाही. माजी प्रमुख बाईंच्या काळापासून नोंदी अखंड व निर्दोष आहेत. एकही रविवार सुटलेला नाही. जुन्या वह्या सोबत पाहाव्यात." वरच्यांनी तुमच्या वह्या मागवून पाहिल्या, मान डोलावली आणि माझं पत्र दप्तरी लावलं. मला थंड खोलीतून काढून बाहेर खोकी बांधायला बसवलं. मावशी म्हणाल्या, "ये, इथे निदान पारा नाही."

गेल्या आठवड्यात डोंगराकडच्या दवाखान्यातली नर्स स्वतः भांडारात आली. तिच्याकडच्या चार बाळांना डांग्या खोकला झालाय. चौघांनाही त्याच खेपेची लस दिलेली. त्यांतली एक मुलगी, चार महिन्यांची, सोळा तारखेला गेली. तिला दोन डोस मिळाले होते. पहिला चोवीस फेब्रुवारीला, दुसरा चोवीस मार्चला. डॉक्टर म्हणतात, इतक्या लहान मुलाबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही. चांगली लस असूनही होऊ शकतं. मी हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणते ते मोजलेलं नाही.

आता चौकशी समिती बसली आहे. त्यांनी पाच जानेवारीची नोंद काढली. अक्षर माझं आहे. साहेबांनी सांगितलं की नवीन मुलीने न बघता आकडे भरले, भांडारात अशी पद्धत कधीच नव्हती. मी काय सांगू? अक्षर माझंच आहे.

तुम्ही सांभाळून राहा.

मुंगी


२५ एप्रिल

मुंगी,

तू मला तुम्ही म्हणालीस. बरोबर आहे.

साहेबाने खोलीत तुला जे सांगितलं ते खरं आहे आणि समितीला जे सांगितलं ते खोटं. चार आणि पाच हे माझे आकडे आहेत.

मला तेव्हा नोकरीत पाच वर्षं झाली होती. भांडाराची किल्ली माझ्याकडे असायची आणि रविवारी दोनदा जाऊन पारा बघायचं काम माझं एकटीचं होतं. पाच वर्षं मी एकही रविवार चुकवला नाही. मग तुझ्या आजीला अर्धांगवायू झाला. तुझा बाप तेव्हा शिकायला बाहेरगावी. आठवडाभर शेजारीण बघायची, रविवारी तिलाही घर होतं. एका रविवारी मी आईला एकटं टाकून निघाले आणि दारापर्यंत गेले तर ती पलंगावरून घसरली. मी परत फिरले. सोमवारी वहीत दोन रकाने कोरे होते आणि मंगळवारी तपासणी होती. शनिवारी पारा सकाळी चार, संध्याकाळी पाच होता. तेच मी रविवारी लिहिलं. खोटं लिहितोय असं वाटलंसुद्धा नाही. वाटलं, रिकामी जागा भरली. तपासणीच्या माणसाने वही बघून शाबासकी दिली.

मला त्याच आठवड्यात वर जाऊन सांगता आलं असतं की घरी अशी अडचण आहे, रविवारी दुसरं माणूस द्या. दिलंही असतं. पण मी कधी अडचण सांगणारी बाई नव्हते, माझा तोच दिमाख होता. पुढच्या रविवारीही तेच आकडे. आई तीन वर्षांनी गेली. तोवर सवय लागली होती. प्रमुख झाले तेव्हा ती सवय राहिली नव्हती, पद्धत झाली होती.

तू दोन ओळी मागितल्यास तेव्हा खोट्या लिहून देण्याइतकी मी खालावले नव्हते आणि खऱ्या लिहून देण्याइतकी हिंमत नव्हती. म्हणून मी तुला गुडघ्याचं लिहिलं. तुला बोलायला शिकवणारी मी, कपाटाकडे जाऊ नकोस असंही मीच लिहिलं होतं. ते पत्र आणि गुडघ्याचं पत्र, दोन्ही ठेवली असशील तर फाडू नकोस.

समितीला सगळं लिहून आज पाठवत आहे. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की तुझी चाचणी मी शिकवली आणि ती बरोबर आहे, आणि माझ्या वह्यांवरून तुझं पत्र बाजूला ठेवलं गेलं असेल तर त्या वह्याच खोट्या आहेत. माफी मागत नाही. ती मागितली की द्यायचं ओझं तुझ्यावर येईल.

आत्या


१८ मे

आत्या,

तुमचं निवेदन पोचलं त्याच आठवड्यात अकरा दवाखान्यांतून उरलेली खोकी परत आली. दोन दिवस लागले. ज्यांना ती लस दिली होती त्या मुलांच्या याद्या झाल्या आणि पुन्हा टोचणं सुरू झालं. आजारी तिन्ही बाळं बरी होतायत. साहेब निलंबित आहेत.

मला कमी केलं. वर्ष पूर्ण झालं नव्हतं, म्हणून फार कागद लागले नाहीत. समितीतल्या एका बाईंनी सांगितलं की तुझं धैर्य नोंदवून ठेवलंय, पण आकडे तुझ्या हातचे आहेत. मी हो म्हटलं. बाबा म्हणतात वरच्यांकडे दाद माग. मी मागणार नाही.

नर्सबरोबर मी त्या मुलीच्या घरी गेले होते. जाऊ नकोस असं सगळे म्हणत होते. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवत गेले. आईने आम्हाला बसायला दिलं. आत जाऊन लसीचं कार्ड घेऊन आली आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, "यात सगळं बरोबर लिहिलंय ना? आम्ही एकही तारीख चुकवली नाही." कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं. दोन्ही तारखा, दोन्ही सह्या. मी म्हटलं, बरोबर आहे. तुमच्याकडून सगळं बरोबर आहे. मग मी माझं सांगितलं, सहा जानेवारीचं. तिला किती कळलं माहीत नाही. ती कार्डाची घडी घालत बसली.

घरी येऊन मी तुमची पत्रं तारखेने लावली. ज्या पत्रात तुम्ही दोन ओळी देता येणार नाहीत असं लिहिलं ते पंधरा फेब्रुवारीचं आहे. तिचा पहिला डोस चोवीसला होता. मध्ये नऊ दिवस आहेत. खोकी परत यायला दोन दिवस लागले.

मी तुम्हाला टोचून बोलत नाहीये. माझ्याही तारखा आहेत. सहा जानेवारीला मी तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं तर नऊ दिवसांचा प्रश्नच नव्हता. पण तुमच्याशी बोलताना हे मनात ठेवून दुसरंच काही बोलणं मला जमणार नाही, म्हणून लिहून टाकलं. तुम्हीच शिकवलंत, समोर ठेवून लिहावं.

काही दिवस पत्र पाठवणार नाही. रागाने नाही. मला दुसरं काम शोधायचं आहे.

मुंगी


३ जून

चि. मुंगी,

उत्तर लिहू नकोस. समितीने काल मला बोलावलं होतं. तिथे काय झालं ते तुला कळणं भाग आहे, एवढ्यासाठी लिहिते.

नऊ दिवस मीही मोजले. तू मोजण्याआधी.

बाहेरच्या बाकावर तुझा साहेब बसला होता. केस पार पांढरे झाले आहेत. मला बघून उठला, मी बस म्हटलं. त्याला माझ्या कानाचं माहीत नव्हतं, तो बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. मी पर्समधली वही आणि पेन त्याच्यापुढे केलं. लोक हल्ली माझ्याशी लिहूनच बोलतात, आणि बोलण्यापेक्षा खरं लिहितात.

त्याने लिहिलं: "बाई, मी नोकरीला लागलो त्या वर्षी तुम्हाला विचारलं होतं."

मी लिहिलं: "काय?"

"रविवारी कोण बघतं. मी पाळ्या लावू म्हणालो होतो. कागद करून आणला होता, सगळ्यांची नावं घालून. पहिली पाळी माझी."

"मी काय म्हणाले?"

त्याने पेन हातात घेतलं, ठेवलं, परत घेतलं. "म्हणालात, रविवारी तुला घरात थारा देत नाहीत का रे? सगळे हसले. मीही हसलो. टेबलाचा पाय डुगडुगत होता. तो कागद घडी करून तुम्ही पायाखाली घातलात."

मुंगी, मी त्या बाकावर बसून खूप आठवून पाहिलं. टेबल डुगडुगत होतं ते आठवलं. पुढे कधीतरी डुगडुगायचं थांबलं, तेही आठवलं. तो कागद आठवला नाही, त्याचा प्रश्न आठवला नाही, हसणंही नाही. तुझ्या आजीची एकेक रात्र मला पाठ आहे आणि हे काहीच नाही. मी तुला लिहिलं होतं की तो घाबरट आहे. तो तसा आला नव्हता. आला तेव्हा त्याने तेच केलं होतं जे तू केलंस, तितक्याच नीटपणे, तोडगा हातात घेऊन. त्याला घाबरट मी केलं, आणि तेही येता-जाता, ध्यानातही राहू नये इतक्या सहज.

मी लिहिलं: "मला आठवत नाही." त्याने वाचलं आणि मान हलवली. नंतर लिहिलं: "त्यानंतर मी काही विचारलं नाही. तुमच्या पुतणीने पाळ्यांचा कागद ठेवला तेव्हा माझा तो कागद आठवला. वाटलं, हिलाही कोणीतरी हसावं. मी हसलो." मग आत बोलावणं आलं.

समितीसमोर हेही सांगितलं. लिहून घेणाऱ्याने कागदावर विचारलं, "याचा पुरावा?" मी म्हटलं, पुरावा तोच आहे, ज्याला आठवतं तो. त्यांनी तुझ्याबद्दल फेरविचार करावा असं मी तीनदा सांगितलं. "पाहू," असं कागदावर लिहून मला दाखवलं. मी आशा धरलेली नाही आणि तूही धरू नकोस. काम शोध.

जे दिलं त्याच्या पावतीची नक्कल खाली उतरवत आहे. मूळ पावती माझ्याकडे आहे.

दिनांक २ जून. माजी प्रमुख, लस भांडार, यांजकडून चौकशी समितीने घेतलेल्या वस्तू.

१. निवेदन, स्वहस्ताक्षरातील, पाने नऊ. प्रत्येक पानावर सही. आज तोंडी सांगितलेली भर शेवटच्या पानावर. स्वीकारले.

२. पुतणीच्या नऊ फेब्रुवारीच्या पत्राची आणि त्यास दिलेल्या पंधरा फेब्रुवारीच्या उत्तराची नक्कल, प्रत्येकी एक. स्वीकारले.

३. सव्वीस वर्षांतील रविवारांची यादी, घरच्या रोजनिशीवरून केलेली. प्रत्यक्ष जाऊन पारा पाहिला असे रविवार: चौदा. बाकी सर्व न पाहता लिहिलेले. स्वीकारले.

४. निवृत्तीच्या वेळी अचूक नोंदींबद्दल मिळालेले प्रशस्तिपत्र, काचेच्या चौकटीसह, एक. स्वीकारले नाही. शेरा: परत घेण्याची पद्धत नाही. देणाऱ्या बाई सोबत घेऊन गेल्या.